‘एके दिवशी’च्या आधीचा भूतकाळ : फ्रेंचमधला ॲंपार्फॅ

फ्रेंच शिकणाऱ्याला वर्तमानकाळानं आधीच पुरतं रडवलेलं असतं. क्रियापदांचे तीन गट, त्यातला तिसरा म्हणजे अपवादांचं गाठोडं. ते कसंबसं पाठ होतं न होतं तोच पासे कोंपोझे हा भूतकाळ येतो आणि तिथं सहाय्यक क्रियापद ‘आव्वार’ घ्यायचं की ‘एत्र’, यावर डोकं फोडावं लागतं. त्यामुळे ॲंपार्फॅ नावाचा दुसरा भूतकाळ फळ्यावर आला की वर्गात ‘आता हे आणखी काय’ असा सुस्कारा ऐकू येतो. तो अनाठायी असतो. रूपं चालवण्यापुरतं बोलायचं, तर फ्रेंचमध्ये यापेक्षा सोपा काळ शोधून सापडणार नाही. नियम एक, प्रत्यय सहा, अपवाद एक. अडचण येते ती तो कधी वापरायचा यात. पण मराठी माणसाला तीही यायचं कारण नाही. येते, कारण आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो.

आधी रूपं बघू. फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे लिहितो आहे आणि जिथं स्पेलिंगच महत्त्वाचं, तिथं अक्षरं सुटी करून सांगतो आहे. ‘ज’ म्हणजे ‘मी’; त्यातला ज हा ‘श’ म्हणताना घशातून आवाज काढला की होतो तसा.

नियम असा : क्रियापदाचं वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्या. त्याच्या शेवटची ओ-एन-एस ही तीन अक्षरं तोडा. जे उरलं ते मूळ, आणि सहाही पुरुषवचनांत ते बदलत नाही. ‘पार्ले’ म्हणजे बोलणं. (विलेपार्ल्याशी संबंध नाही.) आम्ही बोलतो, नू पार्लों. शेवटची तीन अक्षरं गेली, पी-ए-आर-एल उरलं. आता प्रत्यय लावा :

ज पार्लॅ : मी बोलायचो, बोलत होतो (ए-आय-एस)
त्यु पार्लॅ : तू (पुन्हा ए-आय-एस)
इल, एल, ओं पार्लॅ : तो, ती, आपण (ए-आय-टी)
नू पार्ल्यों : आम्ही (आय-ओ-एन-एस)
वू पार्ल्ये : तुम्ही (आय-ई-झेड)
इल, एल पार्लॅ : ते, त्या (ए-आय-ई-एन-टी)

दुसऱ्या गटातलं ‘फिनीर’, म्हणजे संपवणं. इथं घाईत लोक ‘ज फिनॅ’ असं काहीतरी करून बसतात, कारण ते मूळ क्रियापदाची शेपटी तोडतात. तोडायची ती ‘नू’च्या रूपाची. नू फिनिसों, म्हणून ज फिनिसॅ, आणि लिहिताना मधले दोन एस शाबूत. ‘वांद्र’, म्हणजे विकणं : नू वांदों, म्हणून ज वांदॅ. तिन्ही गट झाले.

‘नू’च्या रूपापासून निघण्याचा खरा फायदा अनियमित क्रियापदांत दिसतो. ‘पार्तीर’ (निघणं) दिसायला फिनीरच्या जातीचं, पण ‘नू’चं रूप पार्तों, म्हणून ज पार्तॅ, मधे स नाही. ‘प्रांद्र’ (घेणं) दिसायला वांद्रचा सख्खा भाऊ, पण नू प्रनों, म्हणून ज प्रनॅ, डी गायब. ‘ब्वार’ (पिणं) : नू ब्युवों, ज ब्युवॅ. ‘फॅर’ (करणं) : नू फझों, ज फझॅ. वर्तमानकाळात ज्यांनी छळलं, ती सगळी इथं निमूटपणे रांगेत उभी राहतात. म्हणजे ‘नू’चं रूप चोख पाठ असेल, तर या काळासाठी वेगळं पाठांतर फक्त सहा प्रत्ययांचं.

अपवाद एकच, ‘एत्र’, म्हणजे असणं. त्याचं ‘नू’चं रूप ‘सोम’. शेवटी ओ-एन-एस नाहीच, तर तोडणार काय? म्हणून त्याचं मूळ वेगळं दिलं आहे, ‘एत’ : जेतॅ (मी होतो), नूझेत्यों (आम्ही होतो), सेतॅ (ते होतं). अपवाद एक, पण सगळ्यांत जास्त कानावर पडणारा हाच. सिनेमा कसा होता, जेवण कसं होतं, प्रवास कसा झाला, असं कुणालाही विचारा, उत्तर ‘सेतॅ’नं सुरू होईल. पाऊस पडणं (प्लव्वार) आणि -वं लागणं (फाल्वार) या क्रियापदांना ‘नू’चं रूपच नाही, कारण ‘आम्ही पाऊस पडतो’ असं कुणी म्हणत नाही. त्यांची ‘इल प्लवॅ’ आणि ‘इल फालॅ’ एवढीच रूपं, ती तशीच लक्षात ठेवायची.

वरचा तक्ता मोठ्यानं वाचला असेल तर लक्षात आलं असेल. सहापैकी चार रूपं ऐकायला एकच आहेत. एस, टी, ई-एन-टी ही सगळी शेपटं कागदावर असतात, तोंडात नसतात. शिवाय रोजच्या बोलण्यात फ्रेंच माणूस ‘नू’ फारसा वापरत नाही, ‘आम्ही’च्या जागी सर्रास ‘ओं’ म्हणतो, आणि ‘ओं’चं रूप पुन्हा पार्लॅ. म्हणजे बोलण्यापुरतं पाहिलं तर हा अख्खा काळ दोन आवाजांवर चालतो, पार्लॅ आणि पार्ल्ये. बोलायला शिकणाऱ्यानं सुरुवातीला या दोनांवरच जीभ बसवावी असं माझं मत. पहिल्या दिवसापासून सहा ओळींचा तक्ता वहीत वीस वेळा उतरवून काढण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. हात शिकतो, कान कोरा राहतो.

कानाला काम मात्र आहे. पहिलं काम ‘य’ पकडण्याचं. नू पार्लों म्हणजे आम्ही बोलतो, नू पार्ल्यों म्हणजे आम्ही बोलायचो. वू पार्ले आणि वू पार्ल्ये यांतही तेच. एवढ्याशा ‘य’नं अख्खं वाक्य आजचं कालचं होतं. दुसरं काम त्याहून अवघड : ‘जे पार्ले’ (मी बोललो) आणि ‘ज पार्लॅ’ (मी बोलत होतो). शेवटचा स्वर एकात मिटलेला, दुसऱ्यात उघडा. पुस्तकं सांगतात, या स्वराकडे लक्ष द्या. पण दक्षिण फ्रान्समध्ये अनेकांच्या तोंडी हा फरक जवळजवळ पुसलेला असतो, तिथं स्वरावर विसंबून राहाल तर फसाल. लक्ष सुरुवातीकडे द्यावं : पुढं ‘जे’ आहे की ‘ज’? आणि भरभर बोलताना ‘ज पार्लॅ’चं ‘श्पार्लॅ’ होतं, हेही कानाला माहीत असलेलं बरं.

लिहिताना चार जागी पाय घसरतो. पहिली ‘मांजे’ (खाणं) आणि तिच्यासारखी, जी-ई-आरनं संपणारी क्रियापदं. फ्रेंचमध्ये जी हे अक्षर ई किंवा आयच्या आधी मऊ ‘ज’ असतं, ए किंवा ओच्या आधी ‘ग’ होतं. ‘ज मांजॅ’ लिहिताना प्रत्यय ए-आय-एस, म्हणजे ए आला. मधे काही घातलं नाही तर ‘मांगॅ’ वाचलं जाईल. म्हणून जीनंतर एक ई ठेवायची. पण नू मांज्यों आणि वू मांज्ये यांचे प्रत्यय आयनं सुरू होतात, जी आपोआप मऊ राहतो, ई नको. ‘कॉमांसे’ (सुरू करणं) मध्ये तीच भानगड सी या अक्षराची. तिथं ए-आयच्या आधी सीला खाली शेपटी द्यायची, आय-ओ-एन-एसच्या आधी नाही.

तिसरी जागा परीक्षकांची लाडकी. ‘एत्युद्ये’, म्हणजे अभ्यास करणं. त्याच्या मुळाच्या शेवटीच आय आहे, आणि प्रत्ययही आयनं सुरू होतो. म्हणून ‘आम्ही अभ्यास करायचो’ लिहिताना शेजारी शेजारी दोन आय येतात. दिसायला छपाईची चूक वाटते, पण बरोबर तेच. एक आय लिहिलात तर तो वर्तमानकाळ झाला, आणि गुण गेला. चौथी जागा ‘आपले’ (हाक मारणं, फोन करणं) आणि ‘आश्ते’ (विकत घेणं) यांची. वर्तमानकाळात ‘ज’च्या रूपात आपलेचा एल दोनदा येतो, आश्तेच्या ईवर तिरपी मात्रा चढते. ‘नू’च्या रूपात यांतलं काहीच होत नाही, म्हणून ॲंपार्फॅतही नाही : एकच एल, ई बिनमात्रेची. सवयीनं हात दुसरा एल लिहून जातो, त्याला आवरायचं.

आता थोडं विषयांतर. उच्चार नुसता ‘ॲ’ आणि लिहायचं ए-आय-एस, हा प्रकार आला कुठून? लॅटिनमध्ये ‘मी गात असे’ला कांताबाम म्हणत. त्या मधल्या ‘ब’चा मागमूस स्पॅनिशमध्ये कांताबा, इटालियनमध्ये कांताव्हो आणि पोर्तुगीजमध्ये कांताव्हा असा राहिला; गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोलली गेली त्यांना तो ओळखीचा असेल. फ्रेंचनं ब गिळून टाकला. पुढं शतकानुशतकं हे प्रत्यय ए-आय नव्हे, ओ-आय असे लिहिले जात. उच्चार बदलून ‘ॲ’ झाला तरी लिहिणं तेच. अठराव्या शतकातला लेखक व्हॉल्तेर यानं ए-आय लिहावं असा आग्रह धरला, आणि फ्रेंच भाषेचे नियम ठरवणाऱ्या आकादेमी फ्रांसेझ या संस्थेनं आपल्या १८३५च्या शब्दकोशात तो मान्य केला. इंग्रजीनं मात्र जाणकार, दर्दी या अर्थाचा ‘कॉनसर’ हा शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून इंग्रजीत त्याचं स्पेलिंग आजही ओ-आयचं आहे आणि फ्रेंचांनी आपलं कधीच बदललं.

वापराकडे येऊ. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलं काय, किंवा डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्राच्या ए-टू पातळीच्या परीक्षेची तयारी करणारे काय, बहुतेकांना हा काळ इंग्रजीच्या आधारानं समजावला जातो : अमुक इंग्रजी रूप दिसलं की ॲंपार्फॅ वापरा. गोची अशी, की इंग्रजीत साधा भूतकाळ दोन्हीकडे चालतो. ‘रोज शाळेत जायचो’ आणि ‘काल शाळेत गेलो’ या दोन्हींना इंग्रजी एकच क्रियापदरूप खुशाल वापरते. फ्रेंचला ते चालत नाही. आणि मराठीलाही चालत नाही! ‘लहानपणी मी रोज नदीवर गेलो’ असं कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून निघणार नाही. म्हणजे जो फरक शिकायला इंग्रज मुलाला वर्ष घालवावं लागतं, तो आपल्या तोंडात जन्मापासून आहे. आपण तो इंग्रजीच्या दारात ठेवून आत जातो आणि मग शोधत बसतो.

आपल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं. तिथं एक ब्राह्मण राहत असे. तो रोज अमुक करी, तमुक करी. आणि मग येतं ‘एके दिवशी’. त्या शब्दापर्यंत जे काही सांगितलं जातं ते ॲंपार्फॅ. तिथून पुढं ज्या घटना घडतात त्या पासे कोंपोझे. फ्रेंच परीकथाही अगदी याच चालीनं जाते :

इलेतॅत्यून फ्वा अँ र्वा. इलाबितॅ दांझँ ग्रां शातो. तू ले मातॅं, इल स प्रोमनॅ दां ला फोरॅ. अँ जूर, इला रांकोंत्रे यून व्येय फाम.

एक होता राजा. तो एका मोठ्या वाड्यात राहत असे. रोज सकाळी जंगलात फेरफटका मारी. एके दिवशी त्याला एक म्हातारी भेटली.

मराठीत पहिल्या तीन वाक्यांची क्रियापदं बघा : होता, राहत असे, मारी. तीन वेगवेगळी रूपं, आणि बोलताना आपण ‘मारायचा’ हे चौथंही वापरू. फ्रेंचला या सगळ्यांसाठी एक ॲंपार्फॅ पुरतो. शाळेच्या व्याकरणात आपण अपूर्ण भूतकाळ आणि रीतिभूतकाळ असे दोन कप्पे करतो, ते दोन्ही इथं एकाच कप्प्यात. म्हणून ॲंपार्फॅला नुसतं ‘अपूर्ण भूतकाळ’ म्हणून शिकवलं, की विद्यार्थी ‘जात होतो’पुरताच तो वापरतो आणि ‘जायचो’ला पासे कोंपोझे लावून मोकळा होतो. भेटली, गेलो, केलं, संपलं ही जी आपली सरळ झालेली क्रियापदं, ती पासे कोंपोझेची. (छापील कथा-कादंबऱ्यांत तिथं पासे सॅंप्ल नावाचा आणखी एक काळ दिसतो. बोलण्यात तो जवळजवळ नाही. वाचताना ओळखता आला की पुरे.)

अर्थात ‘एके दिवशी’नंतर ॲंपार्फॅला बंदी नाही. ती म्हातारी थकलेली होती, तिच्या हातात काठी होती, पाऊस पडत होता, हे वर्णन पुन्हा ॲंपार्फॅतच. कथा पुढं सरकवणारं वाक्य पासे कोंपोझेत, त्याच्या भोवतालचं ॲंपार्फॅत.

इंग्रजी सोडून मराठीतून विचार केला की काय साधतं, याची दोन उदाहरणं द्यायलाच हवीत. ‘मी तासभर वाट पाहत होते, तेव्हा कुठं बस आली.’ इंग्रजीला इथं भूतकाळाचा लांबलचक डोलारा उभारावा लागतो. फ्रेंचमध्ये जातांदॅ द्पुई यून अर, म्हणजे साधा ॲंपार्फॅ आणि ‘पासून’. आपल्या ‘वाट पाहत होते’शी तंतोतंत जुळणारं. दुसरं, ‘साव्वार’, म्हणजे ठाऊक असणं. ज सावॅ म्हणजे मला माहीत होतं. जे स्यु म्हणजे मला कळलं. ‘कोनॅत्र’चंही तसंच : ज कोनॅसॅ, मी त्याला ओळखत होतो, जे कोन्यु, त्याची माझी ओळख झाली. इंग्रजी पुस्तकं इथं ‘काळ बदलला की अर्थ बदलतो’ अशी चौकट आखून अपवादांची यादी देतात. मराठी माणसाला यादी कशाला हवी? माहीत असणं ही स्थिती, कळणं ही घटना. आपण मुळात क्रियापदच वेगळं वापरतो.

मराठीही दगा देते, पण नेमक्या ठिकाणी. ‘मी पाच वर्षं ल्योंला राहत होतो’ हे चांगलं मराठी आहे. फ्रेंचमध्ये मात्र मुदत ठरलेली, मोजलेली आणि संपलेली असली, की क्रिया कितीही लांबलेली असो, पासे कोंपोझे लागतो : जे आबिते आ ल्यों पांदां सॅंक आं. मुदत काढून टाका, ‘तेव्हा मी ल्योंला राहत होतो’ म्हणा, की परत ॲंपार्फॅ : जाबितॅ आ ल्यों. तीच गत आकड्यांची. ‘त्या उन्हाळ्यात आम्ही तीनदा समुद्रावर गेलो’ हे मोजलं गेलं, म्हणून पासे कोंपोझे. ‘त्या उन्हाळ्यात रोज जायचो’ हे ॲंपार्फॅ. वारांच्या बाबतीत एक बारीक खूण मिळते : ‘लॅंदी’ म्हणजे सोमवारी, त्या एका, ‘ल लॅंदी’ म्हणजे दर सोमवारी. पुढच्या इवल्याशा ‘ल’वरून कुठला भूतकाळ येणार ते कळतं.

लिंगाच्या बाबतीत हा काळ मराठीपेक्षा कितीतरी सुटसुटीत. तो जायचा, ती जायची, ते जायचे, त्या जायच्या. फ्रेंचमध्ये सगळ्यांना ‘आलॅ’. पासे कोंपोझेत ‘ती गेली’ लिहिताना शेवटी स्त्रीलिंगाची ई वाढवावी लागते, इथं नाही.

ॲंपार्फॅचे काही उपयोग भूतकाळाचे नाहीतच. संध्याकाळी मित्राला ‘सी ओं सॉर्तॅ?’ म्हटलं, की ‘बाहेर पडायचं का?’ शब्दशः ‘आपण बाहेर पडलो तर?’ म्हणजे आपणही भूतकाळाचंच रूप वापरून पुढचा बेत सुचवतो. दुकानात, कचेरीत नम्रपणे बोलायचं तर ‘ज वूलॅ वू दमांदे…’. आपलं ‘जरा विचारायचं होतं…’. विचारायचं आत्ताच असतं, तरी दोन्ही भाषांत माणूस एक पाऊल मागं जाऊन बोलतो. थेट ‘ज व’ (मला हवंय) म्हणणं समोरच्याला खडबडीत लागतं, हे फ्रान्समध्ये पहिल्याच आठवड्यात बेकरीच्या रांगेत समजतं.

आणि ‘सी’ म्हणजे ‘जर’. माझ्याकडे वेळ असता तर मी आलो असतो, अशा कल्पनेतल्या अटीच्या वाक्यात फ्रेंच ‘जर’च्या बाजूला ॲंपार्फॅ लावते : सी जावॅ ल तां… आपल्या ‘असता तर’सारखाच. पण वाक्याच्या दोन्हीकडे ‘असतं’ वापरण्याची आपली खोड इथं सोडायची, कारण दुसऱ्या अर्ध्या वाक्यात ॲंपार्फॅ चालत नाही. तिथं कोंदिस्योनॅल नावाचं वेगळं रूप येतं : ज व्यॅंद्रॅ, मी येईन, आलो असतो. त्याचं मूळ भविष्यकाळातून घेतात, पण शेवटी लागतात ते हेच सहा प्रत्यय, ए-आय-एसपासून ए-आय-ई-एन-टीपर्यंत, एका अक्षराचाही फरक न करता.